सैतानाला कशाला पुढे करता?

माझा सैतानावर विश्वास नाही. भूत, मुंजा, हडळ, करणी, भानामती, कशावरच नाही. हे वाक्य वस्तीतल्या सभेत म्हटलं की टाळ्या पडतात. पडणारच. आपण बौद्ध आहोत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपल्या आज्ज्या-आजोबांनी देव सोडले आणि देवांबरोबर सैतानही आपोआप सुटला असं आपण धरून चाललो. देव सोडणं त्या मानानं सोपं होतं, दोस्तांनो. त्या देवांनी आपल्याला कधी उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं. सैतानाचं तसं नाही. तो आपल्याच खोलीत राहायला होता, आपल्याच ताटात जेवत होता. तो कुठे गेला ह्याची झडती कुणी घेतली नाही. ती मी घ्यायची ठरवलीय. पहिली झडती माझ्या घराची, कारण दुसऱ्याच्या घरात घुसायला आपल्याला फार आवडतं.

आम्ही तेव्हा बीडीडी चाळीत राहायचो. भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होता. आणि पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत, मरीआईचा टाक होता. बाबासाहेब पाहुण्यांसाठी, टाक अमावस्येसाठी. आईला विचारलं तर म्हणायची, 'असू दे लेका, खायला मागतीय का ती?' मी पंधरा वर्षांचा असताना ताईला झटके यायला लागले. दातखिळी, तोंडाला फेस, डोळे पांढरे. शेजारपाजार म्हणाला, 'बाहेरचं' आहे. देवऋषी आला. शेगडीत मिरच्या टाकल्या, ताईचं तोंड त्या धुरावर दाबलं, निरगुडीच्या फोकानं झोडपलं. 'सांग, कोण हाईस तू? कुठनं आलीस?' ताई कोण होती? ताई म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवी पास झालेली पोरगी होती आणि त्याच खोलीतनं आली होती. तिचे पाय धरून ठेवायला एक माणूस पाहिजे होता. तो मी होतो.

फेफरं होतं. पुढे सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या, झटके आटोक्यात आले. एवढी साधी गोष्ट. पण मधली दोन वर्षं ती भूत होती. नंतर आई म्हणायची, देवऋष्यानं फसवलं. बाप म्हणायचा, शेजाऱ्यांनी भरीला घातलं. मी म्हणायचो, मी लहान होतो. सगळं खरं. पण पाय मी धरले होते, आणि ती लाथा झाडत होती ते अजून माझ्या तळव्यांना कळतं. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या, तेव्हा सरकारला जाग आली. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा पाहिजेच होता, एका माणसाच्या रक्तानं मिळाला. पोलीस देवऋष्याला धरतील. पाय धरणाऱ्या भावाला कोण विचारतं?

जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून भटजोशी लुबाडतो, असा त्याचा मामला. तिथे लुबाडणारा वरच्या जातीतला होता. आमच्या खोलीत फोक हातात घेतलेला माणूस आमच्याच जातीचा, आमच्याच गावाकडचा. ह्याला भटशाहीची नक्कल म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, फोक त्याच्या हातात होता.

आता दादाची गोष्ट. लिहू का नको करत हा मजकूर तीन महिने पडून होता. माझा थोरला भाऊ चळवळीतला. नाव छापत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बोलायला उभा राहिला की माणसं जागची हलत नाहीत. 14 एप्रिल, 6 डिसेंबर, सगळीकडनं त्याला बोलावणं. त्याची भाषणं मी लिहून द्यायचो. रात्री तो प्यायचा. प्यायला की वहिनीला मारायचा. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, मधे चादरीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी त्याचं उद्याचं भाषण लिहितोय, विषय आंबेडकरवाद आणि स्त्री, आणि पलीकडे वहिनी तोंडात पदर कोंबून मार खातेय. हे मी रंगवून सांगत नाही. असंच होतं. आणि मी शुद्धलेखन तपासत होतो.

सकाळी चहा पिताना दादा म्हणायचा, 'मी नाय मारलं रे. दारूनं मारलं. तो सैतान आत गेला की माझा मी नसतो.' बावीस प्रतिज्ञांमधली एक दारूची आहे, ती त्याला तोंडपाठ होती. पुढे तो वाचायला लागला, शिबिरं करायला लागला, तेव्हा सैतानाचं नाव बदललं. म्हणायला लागला, 'हजारो वर्षांच्या गुलामीचा राग आहे हा. मनूनं आपल्या आत हिंसा पेरलीय. व्यवस्था मारते, मी निमित्त.' मला ते पटायचं. पटणारच, कारण ती वाक्यं माझी होती! मी सभेसाठी लिहिलेली वाक्यं तो घरी पुरवून पुरवून वापरत होता. देवऋष्याचं भूत गेलं, गुत्त्याचं भूत आलं. गुत्त्याचं गेलं, मनूचं आलं. तिघांचं काम एकच, हात आणि हाताचा मालक ह्यांची फारकत करून द्यायची.

मनू खोटा आहे असं मी म्हणत नाही. म्हणेन कसा? पण 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळली ती मनुस्मृती होती, पोथी होती. माणसांनी लिहिलेली, माणसांनी चालवलेली, म्हणून माणसांना जाळता आली. भुताला काडी कशी लावणार? आपण मनूचं भूत केलं की तो आपल्या हातनं सुटतो, आणि आपणही सुटतो. त्याच महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं होतं की नवरा किंवा पोरगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. बघा, उतारा सांगितला नाही, मंत्र सांगितला नाही. व्यवस्था बदलेपर्यंत सोसा असंही म्हणाले नाहीत. परात ज्या बाईच्या हातात आहे तिच्या हातात निर्णय दिला, आणि पिणाऱ्याच्या पदरात त्याची उपाशी रात्र टाकली. वहिनीला हे मी कधी सांगितलं नाही. दादाच्या भाषणात मात्र घातलं होतं.

'बुद्ध अँड हिज धम्म' 1957 साली निघाला, बाबासाहेब गेल्यानंतर. त्यात मार आहे. विहारातल्या चित्रांत आपण मार बघतो, हत्तीवर बसून फौज घेऊन बुद्धावर चाल करून येणारा. बाबासाहेब त्याची अख्खी फौज एका वाक्यात मोडून टाकतात. मार म्हणजे काय, तर मनातल्या वाईट विचारांना, वाईट वासनांना पुराणात दिलेलं नाव. खलास. बाहेरून कुणी येत नाही. आणि अंगुलिमाल आठवा. माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. तो भिक्खू झाला. आता तो बदलला होता ना? मग लोकांनी त्याला सोडलं का? भिक्षेला गेला की लोक धोंडे मारायचे, डोकं फुटून परत यायचा. बुद्ध त्याला म्हणत नाही की तो जुना अंगुलिमाल वेगळा होता, त्याच्या अंगात काही शिरलं होतं. सोस म्हणतो. तुझ्या करणीचं फळ आहे. ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकातली म्हणून सोडून देतो, आणि हृदयपरिवर्तन तेवढं घेतो. धोंडे कुणी घेत नाही.

ह्याच ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माचीही बाबासाहेबांनी उलटतपासणी केलीय. गरीब माणूस मागच्या पापामुळे गरीब, ह्या सिद्धांताचा उपयोग काय, तर सरकारला आणि समाजाला गरिबाच्या हलाखीची जबाबदारी टाळता यावी, एवढाच. मला हे वाचताना दादा दिसला. त्यांनी त्यांची जबाबदारी आपल्या गेल्या जन्मावर ढकलली, आपण आपली त्यांच्या मनूवर. धंदा तोच.

इथे काही सवर्ण दोस्त खूश होतील. आमच्या अंकाचे वाचक तेही आहेत, वर्गणी थकवत नाहीत बिचारे. ते म्हणतील, 'बघा, आम्ही हेच म्हणतो. किती दिवस दुसऱ्याला दोष देणार? स्वतःकडे बघा, दारू सोडा, शिका.' थांबा जरा, साहेब. जबाबदारी ही वस्तू मी फक्त आमच्या वस्तीत वाटायला काढलेली नाही. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. मग लोक बोलायला लागले: हैवान, नराधम, राक्षस. ऐकायला किती जोरदार! पण ते कुठल्या पाताळातनं आले होते? ते त्याच गावचे होते. त्यांची शेतं होती, रेशनकार्डं होती, मतदारयादीत नावं होती. शेजारी होते. त्यांना हैवान म्हटलं की गाव सुटतं, जात सुटते, बघत उभे राहिलेले सुटतात. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, आणि अॅट्रॉसिटीचा कायदा काही लावला नाही. म्हणजे खून झाला पण जातीनं केला नाही. फाशीची पुढे 2010 ला हायकोर्टात जन्मठेप झाली. हैवानाला जात नसते ना! म्हणून मला हैवान नको. मला माणूस पाहिजे, त्याच्या नावासकट, आडनावासकट.

आणि राक्षस हा शब्द तर आपण तोंडातनं काढायच्या आधी दहादा विचार केला पाहिजे. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना राक्षस, दैत्य ठरवलं, ही उलटी गोष्ट जोतीरावांनी 1873 सालीच 'गुलामगिरी'त मांडून ठेवलीय. बळी कुणाचा होता, वामन कुणाचा होता, हे ज्यांना कळलं त्यांनी तरी सैतानाची भाषा बोलू नये. गावात गुरं मेली की संशय महारवाड्यावर यायचा. सैतान आपल्यालाच म्हणत होते, लेको! आणि आपण आता तोच मुखवटा घरातल्या बाईच्या तोंडावर बांधतो नाहीतर आपल्या पापाच्या तोंडावर.

काही कार्यकर्ते म्हणतील, घरातलं चव्हाट्यावर आणून तू शत्रूच्या हातात कोलीत दिलंस. एका ज्येष्ठांनी मजकूर वाचून तसं म्हटलंही. त्यांना मी विचारलं, वहिनीचा शत्रू कोण? ते गप्प बसले, मग म्हणाले, 'व्यवस्था.' मी चहाचे पैसे दिले आणि उठलो.

गेल्या पावसाळ्यात वहिनीनं पोरांना घेऊन स्वतंत्र खोली केली, कुर्ल्याकडे. मी सामान पोचवायला गेलो होतो. स्टोव्ह, दोन हंडे, बाबासाहेबांचा फोटो. फोटो तिनं कागदात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता टेम्पोत. मी म्हटलं, वहिनी, फार सोसलंत तुम्ही, दादाला दारूनं पार... ती मधेच म्हणाली, 'भाऊजी, ते असू द्या. मला एक सांगा. पडद्याच्या पलीकडे तुम्ही जागे असायचा ना? दिवा दिसायचा मला.'

मी हो म्हटलं. तिनं पुढे काही विचारलं नाही, खिळा कुठे ठोकायचा ते बघायला लागली.

दादाची भाषणं आता मी लिहीत नाही. त्याचं तो लिहितो किंवा कुणी दुसरा देतो, मला ठाऊक नाही. हा अंक त्याच्या पत्त्यावर टाकतोय. त्याला उत्तर द्यायचं असेल तर पुढच्या अंकात दोन पानं राखून ठेवलीत. काटछाट करणार नाही. मजकूर स्वतः लिहायचा आणि खाली सही स्वतःची करायची.