कुलकुल सहाशे, हात दोनच!

नाताळ म्हटला की थंडी आलीच, असं आपण धरून चालतो. सिनेमातला बर्फ राहू दे बाजूला, पण वसईच्या वाड्यांमधली डिसेंबरातली ती कोरडी, पहाटे अंगावर शाल ओढायला लावणारी थंडी तरी हवी ना! नेमका तिचाच भरवसा हल्ली उरलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळाच्या पावसानं मुंबई-पालघरच्या किनाऱ्याला गाठलं, ५ तारखेला शाळांना सुटी द्यावी लागली. १ डिसेंबर २०२१ ला पुन्हा तसाच, आषाढात शोभावा असा पाऊस. दोन्ही वेळा चर्चमध्ये आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचा तयारीचा काळ, नुकताच सुरू झालेला. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात वादळं वाढली आहेत, असं हवामानाचे अभ्यासक सांगतात. तेव्हा ओला नाताळ ही एखाद्या वर्षाची गंमत समजून सोडून देण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही.

पावसाळ्यातल्या सणांची आपल्याला सवय आहे. गौरी-गणपतीत उकडीचे मोदक करायला ऊन लागत नाही. नाताळचं तसं नाही. त्याचा सगळा फराळ कोरडा, टिकाऊ, डबे भरून ठेवायचा. गोव्या-मंगळूरकडे ज्याला 'कुसवार' म्हणतात, ते कुलकुल, नेवऱ्या, गुलाबाच्या फुलासारख्या साच्यातल्या 'रोझ कुकीज', सगळं कुरकुरीत हवं. हवा दमट झाली की मैदा ओलसर होतो, साखरेचे खडे होतात, तळलेलं दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. काजूचं मार्झिपान साच्यातून निघालं तरी सुकायला तयार नसतं. बाहेर टांगलेल्या ताऱ्याच्या पतंगी कागदाचा रंग पाघळून भिंतीवर उतरतो. गोठ्याचं गवत कुजतं. आणि या सगळ्याच्या वर, घरातल्या घरात दोऱ्या बांधून वाळत घातलेले, दोन दिवस झाले तरी न वाळलेले कपडे!

अशा वेळी खरी परीक्षा असते ती घरच्या बाईच्या काटकसरीची. आणि ती त्यात पहिल्या वर्गात पास होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. बघा ना, किती युक्त्या असतात तिच्याकडे. मैदा आणि रवा मंद आचेवर कोरडाच भाजून घ्यायचा. कुलकुलांवर पाक चढवायचा नाही, तो दमट हवेत चिकट होतो. त्याऐवजी साखर पिठातच मिसळायची. नेवऱ्यांत ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि भाजलेला रवा भरायचा. मार्झिपानला यंदा सरळ रजा, म्हणजे काजूचेही पैसे वाचतात. तळलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात घालायचं नाही आणि डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले मूठभर कोरडे तांदूळ ठेवायचे, ते ओल शोषून घेतात. केकसाठी बेदाणे रममध्ये भिजवायची ऐपत नसेल तर संत्र्याच्या रसात भिजवायचे. महागाच्या सुक्या मेव्याऐवजी कच्च्या पपईची टुटीफ्रुटी आणि आपल्या वसईची सुकेळी बारीक चिरून घालायची. केकला तो गडद रंग आणायला बाटलीतला रंग कशाला? चमचाभर साखर कढईत करपवून पाणी घातलं की झालं.

ताऱ्याचा बांबूचा सांगाडा दरवर्षी तोच. कागद तेवढा नवा, आणि पाऊस असेल तर तो ओटीच्या आत टांगायचा. गोठ्यासाठी आठ-दहा दिवस आधी थाळ्यात माती पसरून नाचणी पेरली की हिरवंगार कुरण मोफत तयार! मोठ्याचा शर्ट धाकट्याला, आईच्या साडीचा फ्रॉक... ही यादी तुम्हीही पुढे नेऊ शकाल. दिवाळीच्या फराळाला ज्यांनी हात लावला आहे, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. नेवरी ही करंजीची सख्खी बहीणच की!

हे शहाणपण मोलाचं आहे. ते टिकावं असंच मला वाटतं. पण या काटकसरीच्या हिशेबात एक रकाना कायम कोरा राहतो, आणि आज बोलायचं आहे ते त्या रकान्याबद्दल.

साधं गणित मांडू. समजा, एक किलो मैद्याचे कुलकुल करायचे आहेत. पिठाची सुपारीहून लहान गोळी घ्यायची, काट्याच्या किंवा कोऱ्या फणीच्या दातांवर दाबायची आणि शंखासारखी गुंडाळायची. असे सहाशेच्या आसपास नग धरू. एकाला पंधरा सेकंद म्हटलं तरी नऊ हजार सेकंद झाले. म्हणजे अडीच तास, मान वर न करता! पीठ मळणं, ते मुरवणं, तळणं, गार करणं, डबे भरणं आणि तेलकट ओटा घासणं हे वेगळंच. हा झाला एक पदार्थ. आता त्याला नेवऱ्या, कुकीज आणि केक जोडा. पाऊस असेल तर वीज जाणं जोडा, चिखलाची पावलं जोडा, पुन्हा भाजून कुरकुरीत करायचे म्हणून बाहेर काढलेले कालचे डबे जोडा.

मग आपण म्हणतो, ''घरी केलं तर निम्म्यात होतं.'' होतं ना! कारण मैद्याचे पैसे धरले, साखरेचे धरले, तेलाचे आणि गॅसचे धरले. धरले नाहीत ते फक्त करणारीचे तास. तिची किंमत शून्य धरली की कुठलीही गोष्ट घरी स्वस्तच पडणार.

ही काही माझ्या मनाची तक्रार नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, असं त्यात दिसलं. पुरुष? जे ही कामं करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं काढून घेतली! आणि ही सरासरी वर्षभराच्या साध्या दिवसांसकट आहे. सणाच्या आठवड्यात हा काटा कुठे जात असेल, ते ज्याचं त्यानं आपल्या स्वयंपाकघरात बघावं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. ''अगं, पण तुझ्या हाताची चव बाजारच्याला नाही.'' कौतुक म्हणून हे वाक्य गोड आहे. पण नीट ऐकलं तर त्यात पुढच्या वर्षीची कामाची ऑर्डरसुद्धा असते. ज्याला खरोखर कौतुक आहे, त्यानं हात धुऊन पाटावर बसावं आणि पन्नास कुलकुल वळावेत. चव कुठून येते ते त्याला आपोआप कळेल.

आणि खरं सांगायचं तर कुलकुल हा पदार्थ एकटीनं करायचा नाहीच मुळी. जुन्या घरांत तो वळायला रात्री सगळे बसत. आजी, काका, शेजारची मुलं, कुणी काटा घेऊन, कुणी फणी घेऊन. कुणाचे कुलकुल बोटाएवढे, कुणाचे पोट फुटलेले, तरी सगळे एकाच कढईत जात. अडीच तासांचं काम चौघांत वाटलं की पाऊण तासाच्या आत उरकतं. बाहेर पाऊस असेल तर आणखीनच बरं, सगळे घरातच असतात! मग हे चित्र बदललं कसं? कुटुंबं लहान झाली, पुरुषांच्या लोकलच्या वेळा लांबल्या, मुलांच्या परीक्षा आल्या. हात कमी झाले, पण पदार्थांची यादी मात्र कमी झाली नाही. नोकरी करणारी बाई तर संध्याकाळची गाडी पकडून घरी येते आणि रात्री दहाला कढई चढवते. यादी चौघींची आणि करणारी एकटी, हे गणित बसेल कसं?

या शून्य किमतीचा फटका घराबाहेरही बसतो, तोही दुसऱ्या बाईलाच. बचत गटाच्या स्टॉलवर कुलकुलांचं पाकीट उचलून आपण पहिल्यांदा काय म्हणतो? ''एवढे महाग? घरी किती स्वस्तात होतात!'' आपण आपल्या श्रमाचे पैसे कधी लावले नाहीत, म्हणून तिनं लावलेले आपल्याला टोचतात. तिनंही ते सहाशे नग एकेक करूनच वळलेले असतात, आणि त्या ओल्या हवेत तिलाही डबे दोनदा भाजावे लागलेले असतात. तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणं ही काटकसर नव्हे.

काही घरांत काटकसर हा आवडीचा प्रश्न नसतो, हेही विसरून चालणार नाही. अर्नाळा, पाचूबंदरच्या कोळीवाड्यांत वलांडीवर बोंबील वाळत असतात. अवकाळी पावसाची एक सर आली की अर्धवट सुकलेली मासळी खराब होते, आणि ती वाळवण्या-विकण्यात राबणाऱ्या बाईचा नाताळचा पैसा तिथेच वाहून जातो. सुकेळी करणाऱ्यांचंही तेच, तीही उन्हावरच होतात. पावसानं वाडीतली फुलं आणि भाजी झोडपली की तिथल्या घरांतही हात आखडतो. अशा घरात 'थोडक्यात भागवा' हे सांगायला आपण कोण? तिथली बाई ते न सांगता करतेच आहे. पण तिथेही ताटात पाच पदार्थ हवेत ही अपेक्षा असते, शेजारी ताट पाठवायचं असतं आणि 'यंदा काय, एवढंच?' हा प्रश्न तिलाच झेलावा लागतो. कमाई बुडाली दोघांची, लाज मात्र तिची एकटीची.

म्हणून मला वाटतं, काटकसर करायचीच तर ती आधी यादीपासून करावी. दहा पदार्थांचे चार करा. चार शेजारणींनी चार पदार्थ वाटून घ्या. एकीनं नेवऱ्या, दुसरीनं कुकीज, आणि मग डब्यांची अदलाबदल. एका वेळी एकाच पदार्थाचं जास्त प्रमाण केलं तर गॅसही वाचतो आणि पसाराही एकदाच होतो. पूर्वी ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता, ते केकचं मिश्रण पावाच्या बेकरीत भाजायला देत. तेव्हा त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, मग आज अर्ध्या वस्तू विकत आणण्यात का वाटावा? आणि कुलकुलांची रात्र कॅलेंडरवर लिहून टाका, घरातल्या प्रत्येकाच्या नावासकट. मुलगा असो की मुलगी, सासरे असोत की जावई. ज्याला वळता येत नाही त्यानं तळावं, ज्याला तळता येत नाही त्यानं ओटा घासावा. घासायला कुठल्या खास हाताची चव लागत नाही!

''पण मला आवडतं हो करायला,'' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. त्यांचा आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पिठात हात घातला की मन शांत होतं, आईची आठवण येते, हे खरंच आहे. पण आवडीचं काम नको तेव्हा थांबवता येतं. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाताना जिची पाठ दुखते आहे, डोळे मिटताहेत, आणि तरी घरी परतल्यावर सगळ्यांना गरम कॉफी आणि केक द्यायचा आहे, तिला थांबता येतं का, हे तिनं स्वतःलाच विचारावं. आणि दुसऱ्यानं वळलेला वेडावाकडा कुलकुल आपल्याला डब्यात चालतो का, हेही विचारावं. काम वाटायचं तर त्यावरचा आपला हक्कही थोडा सोडावा लागतो.

ज्याच्या जन्माचा हा सण, तो गोठ्यात जन्मला. त्याच्या आईला त्या रात्री टेकायला धड जागा मिळाली नव्हती. त्याच्या नावानं प्रत्येक घरातल्या आईनं वाकून वाकून अर्धं व्हावं, असा काही नियम कुठे लिहिलेला नाही. यंदा घरच्या हिशेबाची वही काढाल तेव्हा मैदा, साखर, तेल, गॅस यांच्याखाली एक ओळ आणखी लिहा: 'तास किती आणि कुणाचे?' ही वही फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवा. घरात येता-जाता सगळ्यांना दिसू दे.