भाकिताची वही

पारितोषिकांच्या याद्या प्रसिद्ध होण्याचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरी फलज्योतिषाचा एक नवाच उद्योग सुरू होतो. कोणत्या बोलपटास मान मिळणार, कोणत्या नटीचे नाव यादीत झळकणार, ह्यावरून जेवणाच्या पंक्तीत जी खडाजंगी माजते ती पाहता, पेशवाईत रमण्याच्या दक्षिणेच्या वेळी शास्त्रीमंडळींत ह्याहून अधिक चुरस लागत असेल असे आम्हांस वाटत नाही. बारामती तर मोरोपंतांचे गाव; तेथे वादाला शब्दांची वाण कधीच पडत नाही.

‘नामांकन’ हा शब्द वापरात नवा असला तरी बांधणीने अस्सल संस्कृत आहे. नावावर खूण करणे, एवढाच त्याचा अर्थ. खूण म्हणजे निवड नव्हे, हे आमच्या मंडळींच्या ध्यानी राहत नाही. आपल्या राज्य सरकारच्या चित्रपट पुरस्कारांत आधी नामांकने आणि मागाहून अंतिम निकाल अशी दोन पायऱ्यांची रीत आहे. अमेरिकेतील ऑस्करचीही तीच तऱ्हा. दिल्लीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र नामांकनांची यादी प्रसिद्धच होत नाही. आधी प्रादेशिक परीक्षक मंडळे बोलपट पाहतात, मग केंद्रीय मंडळ पाहते, आणि एके दिवशी एकदम निकाल कानी येतो. त्यातून अनेक बोलपट तोपर्यंत रसिकांच्या दृष्टीसही पडलेले नसतात. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान २०१५ च्या मार्चमध्ये मिळाला आणि तो चित्रपटगृहांत आला एप्रिलमध्ये. ‘कासव’ला तोच मान २०१७ च्या एप्रिलमध्ये मिळाला, बोलपट लागला ऑक्टोबरात. अशा स्थितीत भाकीत सांगणे म्हणजे उत्तरपत्रिका न उघडता गुण देण्यासारखेच आहे. तरीही लोक सांगतात, आणि हिरिरीने सांगतात!

ह्यावर उपाय म्हणून आमच्या घरी २००४ पासून एक वही ठेविली आहे. तीत दोनच रकाने: एक ‘मिळावे’ आणि दुसरा ‘मिळेल’. पहिल्यात आपले मत लिहावयाचे, दुसऱ्यात आपला अंदाज. दोहोंची गल्लत करावयाची नाही, एवढाच नियम.

ते वर्ष ‘श्वास’चे होते. पन्नास वर्षांपूर्वी, १९५४ साली, आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक पटकाविले होते. त्यानंतर तो सर्वोच्च मान मराठीच्या वाट्याला पुन्हा आला तो संदीप सावंत ह्यांच्या ह्या बोलपटामुळे. पुढे भारतातर्फे तोच ऑस्करसाठी धाडण्यात आला, आणि तिकडील खर्चासाठी लोकांनी यथाशक्ति वर्गणीही दिली. मग काय विचारता? आमच्या घरातील यच्चयावत मंडळींनी ‘मिळेल’ ह्या रकान्यात ‘श्वास’ हेच नाव घातले. वर्गणी दिली की मनुष्याचा अंदाज इच्छेच्या कलाने झुकतो, हे त्या पानावर स्पष्ट दिसते.

यादी आली तीत स्पेनचा ‘द सी इनसाइड’, फ्रान्सचा ‘द कोरस’, जर्मनीचा ‘डाउनफॉल’, दक्षिण आफ्रिकेचा ‘यस्टर्डे’ आणि स्वीडनचा ‘ॲज इट इज इन हेवन’ अशी पाच नावे होती. ‘श्वास’ नव्हता. लगेच घरात सूर उमटला की, त्या लोकांस आपले दुःख समजत नाही. हे आम्हांस पटले नाही. पारितोषिक ज्यास मिळाले तो स्पेनचा बोलपट अंथरुणास खिळलेल्या आणि मरण मागणाऱ्या मनुष्याचा आहे. आफ्रिकेचा बोलपट एड्सने ग्रासलेल्या आणि मुलगी शाळेत जाईपर्यंत जगू पाहणाऱ्या आईचा आहे. दुःखाचे वावडे असते तर ही दोन नावे तेथे कशी आली असती? जगातील अनेक देशांच्या बोलपटांतून पाच घ्यावयाचे म्हटले की चांगलेही पुष्कळ बाहेर राहतात, एवढेच त्याचे कारण. ‘मिळावे’च्या रकान्यातील ‘श्वास’ आम्ही आजतागायत खोडलेला नाही. यादीत नाव न आल्याने त्या आजोबा-नातवाच्या पुण्यातील अखेरच्या फेरफटक्यातील एक क्षणही उणा होत नाही.

वही चाळता चाळता आणखी एक गोष्ट आमच्या नजरेस आली, आणि हा सारा लेखनप्रपंच मुख्यतः तिच्यासाठीच आहे. घरातील मंडळी अंदाज बांधतात ते नायक, नायिका आणि दिग्दर्शक ह्यांचे. बालकलाकाराचा रकाना बहुधा कोणी भरीत नाही. आणि मराठीला दिल्लीत यश मिळते ते वारंवार नेमके तेथेच! ‘श्वास’मधील अश्विन चितळे, २००७ सालच्या बोलपटांत आमच्याच पुणे जिल्ह्यातील जुन्नरकडच्या मातीतला ‘टिंग्या’, म्हणजे शरद गोयेकर, २०१३ सालच्या बोलपटांत ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे, २०१८ सालच्या बोलपटांत ‘नाळ’मधील श्रीनिवास पोकळे. १ ऑगस्ट २०२५ रोजी जो निकाल जाहीर झाला त्यात ह्या वर्गात पाच मुलांची नावे होती. पैकी चौघे मराठी बोलपटांतील: ‘नाळ २’मधील तिघे आणि ‘जिप्सी’मधील कबीर खंदारे. त्याच निकालात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नवा ‘श्यामची आई’ निवडला गेला. आमच्या मातोश्रींनी ते नाव दोन्ही रकान्यांत लिहिले होते, त्यामुळे आठवडाभर त्यांचा रुबाब काही और होता. बोलपट त्यांनी पाहिलेलाच नाही, ही गोष्ट अलाहिदा.

सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातील केमचा. २०१६ च्या मार्चमध्ये ‘सैराट’साठी जिचा विशेष उल्लेख झाला ती रिंकू राजगुरू अकलूजची, आणि तेव्हा ती शाळेत शिकत होती. आमचा इंदापूर तालुका नीरा आणि भीमा ह्यांच्या बेचक्यात वसला आहे. सराटीस नीरा ओलांडली की अकलूज. भीमेपलीकडे उजनीच्या पाण्याच्या काठाने गेले की करमाळा तालुका. ही मुले म्हणजे आमच्या शेजारचीच. तरी ‘फँड्री’च्या वर्षी ह्या मुलाचे नाव घरातील इतरांच्या यादीत नव्हते. कैकाड्याचा पोर, डुकरे धरणाऱ्या बापाचा मुलगा, त्याला काय अभिनय येणार, अशी समजूत बोलून कोणी दाखविली नसेल. पण रकाना रिकामा होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्या साली ‘आजचा दिवस माझा’स मिळाला. तो बोलपट नीटस आहे. पण आमच्या ‘मिळावे’त ‘फँड्री’ होता आणि आहे.

शिक्षकाच्या पेशात आमची हयात गेली, म्हणून ह्या रिकाम्या रकान्याची ओळख आम्हांस जुनी आहे. ह्या भागात कारखान्यांचा गळीत हंगाम आणि शाळांची स्नेहसंमेलने एकाच सुमारास येतात. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली काही मुले त्या महिन्यांत शेवटच्या बाकावर येऊन बसतात आणि हंगाम सरला की निघून जातात. नाटकुल्यातील भूमिका वाटावयाच्या असतात तेव्हा स्पष्ट उच्चारांच्या, स्वच्छ गणवेषाच्या, ज्यांचे पालक पोषाख शिवून देतील अशा मुलांकडे गुरुजींचे बोट आपसूक जाते. भाषणे ती मुले बिनचूक म्हणतात, ह्यात शंका नाही. तथापि पाठांतर आणि अभिनय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाब्या मुलीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर कोणत्याही तालमीत घोटून घेता येत नाही.

यंदा आमच्या नातवास शाळेच्या संमेलनात बाल शिवाजीची भूमिका मिळाली आहे. पहिले बक्षीस त्यालाच, असे सूनबाईंनी वहीत ‘मिळेल’च्या रकान्यात परवाच नोंदवून टाकले. मावळे कोण कोण आहेत, असे आम्ही त्यास विचारले. चौघांची नावे त्याने सांगितली. पाचवा एका तोडकऱ्याचा मुलगा आहे, तालमीत सगळ्यांना हसवितो म्हणे. त्याचे नाव मात्र त्यास सांगता येईना. उद्या विचारून ये, असे आम्ही त्यास बजावले आहे. ‘मिळावे’चा रकाना तूर्त कोरा आहे, तो संमेलन पाहून आल्यावर भरू.