अँटिव्हायरस किती? एकच पुरे!

बदलापूर लोकलचे दोन पास काढले म्हणून सीएसएमटी लवकर येत नाही. मग शिरगावच्या वन बीएचकेमधल्या पीसीवर दोन-दोन अँटिव्हायरस कशाला? उलट दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन रडतखडत चालतं.

नव्वदच्या दशकात गोष्ट वेगळी होती. व्हायरस फ्लॉपीतून फिरायचे आणि विंडोजला स्वतःचा पहारेकरी नव्हता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तेव्हा 'क्विक हील' आणलं. त्या काळी अँटिव्हायरस विकत घेणं शहाणपणाचंच होतं. पण २०१२च्या विंडोज ८पासून डिफेंडर विंडोजसोबत फुकट येतो. सराईत माणसाला घरच्या वापरासाठी तो बहुतेक वेळा पुरतो.

मात्र 'मला सगळं कळतं' हा फंडा इथे चालत नाही, बरं का! मे २०१७ मधला वॉनाक्राय तुम्ही एकही क्लिक न करता नेटवर्कमधून मशीनमध्ये शिरायचा. त्याची वाट बंद करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. तो टाळणारे अडकले.

तेव्हा बॉस, अपडेट चालू ठेवा. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं अकाउंट वापरा. बारशापासूनचे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप घालतो. दुसऱ्या अँटिव्हायरसचे पैसे या डिस्कवर खर्च करा!