नवा खुबा आणि जुना पाट

बोदवडच्या एका भगिनींच्या सासूबाई खुब्याचा सांधा बदलून नुकत्याच जळगावहून घरी आल्या आहेत. "खुर्चीवर बसून का कधी देवपूजा होते? मी पाटावरच बसणार," असा त्यांचा हट्ट. समजूत कशी घालू, असं भगिनी विचारतात.

खुबा हा उखळीचा सांधा. त्यात धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवण्याची रीत इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली रुजवली. सांधा नवा असला तरी भोवतालचे स्नायू जखमी असतात. ते भरून येईपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, फार वाकलं किंवा पाय आत वळला तर गोळा वाटीतून निसटू शकतो. म्हणून पाट, मांडी, उकिडवं बसणं बंद.

मग देवच वर उचला की! देव्हारा टेबलावर ठेवा. खुर्ची हातांची, न डुगडुगणारी आणि बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील इतकी उंच हवी. झोळ पडलेली बाज नको. झोपताना दोन पायांत उशी. संडासात कमोडची खुर्ची ठेवा, त्यात लाजायचं काय? नळाला पाणी आलं की आपल्याकडे वाटेतच हंडे-कळशा मांडतात. वॉकरची वाट तेवढी मोकळी राहू द्या. पायपुसणंही उचला.

आता थोडं तुमच्याबद्दल. पाण्याचा पेलासुद्धा तुम्ही हातात देता, असं पत्रात लिहिलंय. माया खरी, पण त्यांना चालू द्या. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. भाजी निवडायचं काम खुशाल त्यांच्याकडे द्या.

शेजारणी तेलाची वाटी घेऊन येतीलच. पोटरी मात्र कुणालाही चोळू देऊ नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकाएकी पाय टेकवेनासा झाला तर वाट न पाहता १०८ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने थांबवू नका.

शिरसाळ्याच्या मारुतीला नवस फेडायला जायचंय म्हणता? डॉक्टरांनी होकार दिला की जा. गाडीची पुढची सीट मागे सरकवा, वर घट्ट उशी ठेवा. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय सावकाश आत घ्यायचे.