औषध आणायला निघालेल्याला ‘कसलं?’ म्हणून विचारू नका

जाहीर पत्रक : मे २०२१



गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या हद्दीवरच्या, कोरोनाच्या नाकाबंदीत एका बाईंना मोटारसायकलवरून उतरवलं. गाडी भाऊ चालवत होता. कुठं निघालात? सिव्हिलला. कशाला? गोळ्या आणायला. कसल्या? प्रेशरच्या. “प्रेशरच्या गोळ्या तालुक्याला मिळत नाहीत व्हय?” मग पिशवी उघडली गेली, एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांचं पुस्तक हाती लागलं आणि ते मोठ्यानं वाचलं गेलं. मागे भाजीचा टेम्पो उभा होता, त्यांच्याच गावचा. संध्याकाळी गिरणीत त्यांचा दळणाचा डबा घेतला नाही.

याची चीड तुम्हालाही येईल. एचआयव्ही दळणातून पसरत नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे गिरणीवाल्याला शहाणं करण्यात किंवा त्या शिपायाला शिव्या देण्यात आम्ही कागद खर्ची घालणार नाही. शिपाई दिवसभर उन्हात उभा होता आणि त्याला वरून एवढंच सांगितलेलं होतं : कारण विचारा. आमचं भांडण त्या विचारण्याशी आहे. औषध हवंय? मग आधी आजार सांग, चारचौघांत सांग आणि आम्हाला पटेल असा सांग. ही रीत मोडली पाहिजे.

आम्हीही त्या बाईंसारखेच, एचआयव्हीसह जगणारे. आमच्यातल्या बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नेमानं घेतली की रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही आणि शरीरसंबंधातून जोडीदारालाही जात नाही. बंद केली की काही आठवड्यांत तो पुन्हा डोकं वर काढतो. आज आहे, उद्या नाही अशी घेतली, तर पुढे गोळीलाच दाद देईनासा होतो. ही औषधं सरकार २००४पासून फुकट देतं. मार्च २०२०मध्ये तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, अशा सूचनाही निघाल्या. चांगलंच झालं. पण गोळी एआरटी केंद्रात आणि माणूस नाकाबंदीत, याचा विचार कोणी करायचा?

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, बारा वाजता लागू झाली. पुढे जिल्हा ओलांडायला ई-पास आला. २० ऑगस्टपासून एसटीनं हद्द ओलांडायला पास नको, पण स्वतःच्या गाडीनं जायचं तर हवा, असा शहाणपणाचा काळही आपण पाहिला. कोरोनाचा विषाणू एसटीचं तिकीट पाहून मागे फिरत असावा! एप्रिल २०२१पासून ई-पास परत आला. अर्जात कारण लिहा, कागद जोडा. आमच्याकडे कागद आहे तो एआरटी केंद्राचा. तो एकदा चढवला की कुठल्या कचेरीत कोणाच्या टेबलावर उघडेल, देव जाणे.

याच महाराष्ट्र सरकारनं मे २०२०मध्ये दारू घरपोच द्यायला परवानगी दिली. दारू पिण्याचा परवाना आपल्याकडे कायद्यानं ‘आरोग्य राखण्यासाठी’ मिळतो. त्या परवानाधारकाला दारात कोणी विचारलं नाही, की बाबा, तुझ्या आरोग्याला नेमकं काय झालंय?

आता नेहमीचे आक्षेप.

“जवळचं केंद्र सोडून लांब कशाला जाता?” कारण जवळच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा आमच्या भावकीतला असतो. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढणारी, चालताना गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबणारी माणसं आहोत आम्ही. आम्हाला रांगेत उभं राहून आजार सांगायला लावता?

“आता कुठं राहिलाय भेदभाव? तुम्ही लपवता म्हणूनच तो टिकतो.” हे म्हणणाऱ्यानं एकदा स्वतःची मूळव्याध नाक्यावर खणखणीत आवाजात सांगावी. मग आपण समाजप्रबोधनावर बोलू.

“नियम सगळ्यांना सारखा.” कारण सांगताना ज्याचं काहीच जात नाही आणि ज्याचं घर, काम, पोरीचं स्थळ जाऊ शकतं, त्या दोघांना एकच प्रश्न विचारणं ही कसली समता? आणि नियमच काढायचे तर २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा काढा. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. आपल्याला एचआयव्ही असल्याचं सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा आहे. नाकाबंदी म्हणजे न्यायालय नव्हे.

“कारण विचारलं नाही तर थापाडे सुटतील.” ते तसेही सुटतात. थापाड्याकडे उत्तर तयार असतं. त्याची आजी दर टाळेबंदीत वारते आणि तो बिनघोर कोकणात पोचतो. अडकतो तो, ज्याला खरं सांगता येत नाही आणि खोटं नीट जमत नाही. २०१९च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे चार लाख लोक एचआयव्हीसह जगतात, देशात सर्वांत जास्त. चार फिरस्ते पकडायला एवढ्यांना वेठीला धरायचं?

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

१. नाकाबंदीत आणि पासाच्या अर्जात ‘दवाखाना’ एवढं कारण पुरे. आजार विचारू नये, पिशवीतले औषधोपचाराचे कागद वाचू नयेत.
२. सरकारी रुग्णालयानं आजाराचं आणि विभागाचं नाव नसलेली साधी चिठ्ठी द्यावी. ती सगळीकडे चालावी.
३. गोळ्या नेहमीच तीन महिन्यांच्या द्याव्यात. राज्यातल्या कुठल्याही केंद्रातून, आम्ही नेमू त्या माणसाच्या हाती.
४. घरपोच द्यायच्या तर आम्हाला विचारून, साध्या पुडक्यात. गावात यादी घेऊन ‘ते कुठं राहतात?’ असं विचारत फिरणारी सेवा आम्हाला नको.

हे पत्रक वाचा, पुढे द्या, चौकात लावा. पोलीस पाटलांना, सरपंचांना, आमदारांना दाखवा आणि या चार मागण्यांवर त्यांचं म्हणणं लेखी मागा. खाली आमच्या सह्या नाहीत. का नाहीत, असं कोणी विचारलं, तर त्याला पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा.