आधी कायदा की आधी दवाखाना?

आरोग्य हक्काचा कायदा करणारं राजस्थान हे देशातलं पहिलं राज्य. २१ मार्च २०२३ रोजी विधेयक मंजूर झालं आणि जन स्वास्थ्य अभियान या आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांची जुनी मागणी पुरी झाली. पण त्याविरोधात खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि ४ एप्रिलला सरकारने तडजोड केली. पन्नासपेक्षा कमी खाटांची, तसंच सरकारकडून सवलतीत जागा न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. पुढे नियमही रखडले.

या अनुभवातून चळवळीतले लोक वेगवेगळे धडे घेतात. काही म्हणतात, कायद्याची घाई नको. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, नर्स आणि औषधं द्या. त्यांचा मुद्दा भक्कम आहे. ऐपत नाही म्हणून कुणी उपचारांना मुकू नये, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगितलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्क्यांहून अधिक वाटा त्या वर्षी लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला.

दुसरी बाजू विचारते, हक्कच नसेल तर सरकारला जाब कशाच्या बळावर विचारायचा? आणि बहुसंख्य रुग्ण खासगी दवाखान्यांत जात असताना ते वगळून ‘सर्वांसाठी’ हा शब्द खरा कसा ठरेल? हेही खोडून काढता येत नाही.

सरकारी विमा योजनांच्या तिसऱ्या वाटेबद्दल मात्र मला फार आशा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने गरिबांच्या हृदयशस्त्रक्रिया झाल्या, हे मोलाचंच. पण मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च अशा योजनेतून सुटत नाही.

थायलंडने २००२ मध्ये सर्वांना आरोग्यसेवेचा कायदेशीर हक्क दिला, त्यासाठी नागरिकांनी पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्या होत्या. पण त्याआधी अनेक वर्षं तालुक्यातालुक्यांत सरकारी रुग्णालयं उभी राहत होती आणि तरुण डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होती. सह्यांना अर्थ आला तो या जाळ्यामुळे.

म्हणून माझा कौल आधी दवाखान्याला आहे. कायद्याची मागणी सोडावी असं मात्र मी म्हणणार नाही. ती नेमकी करावी. राजस्थानच्या कायद्यात तातडीच्या उपचारांचा खर्च सरकार भरून देईल असं होतं, पण किती दराने आणि किती दिवसांत, हे स्पष्ट नव्हतं. छोटं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरची भीती तिथे रास्त होती आणि मोठ्या रुग्णालयांनी ती वापरून घेतली.

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांवर बंधनकारक केलं आहे. कार्यकर्त्यांनी हे हत्यार आजच वापरावं, आणि येत्या अर्थसंकल्पाआधी सरकारी दवाखान्यांतल्या रिक्त पदांची जिल्हावार यादी घेऊन आमदारांच्या दारात उभं राहावं.