आधी विचारा, मग ठरवा



वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी सम्मेद शिखरजी. तिथल्या पर्यटनाला केंद्राने जानेवारी २०२३मध्ये स्थगिती दिली. देखरेख समितीत दोन जैन आणि एक स्थानिक आदिवासी सदस्य घ्यायला सांगितलं. पण कधी? देशभर मोर्चे निघाल्यावर! हेच आधी सुचलं असतं तर?

आता आपल्या घरात बघू. आमच्या मंदिरात विश्वस्तांनी आहाराचा चौका वरच्या मजल्यावर नेला. विहिरीचं पाणी शेंदतो आम्ही, गाळतो आम्ही, जिवाणी परत विहिरीत सोडतो आम्ही. आम्हाला विचारलं? नाही!

सरकारला जाब विचारता ना? मग ज्यांच्या अंगावर काम पडतं, त्यांना आधी विचारा. क्षमावणीला आमच्यापुढे हात जोडता, त्याआधी एकदा बैठकीला बोलवा.